कायद्याचा प्राध्यापक आणि अबकारीचा हिशेब

बाबासाहेबांच्या दोन-तीन तसबिरी आपल्या वस्त्यांतून घरोघर पोचल्या आहेत. एकीत त्यांच्या हाती घटनेचा ग्रंथ आहे, दुसरीत ते दीक्षाभूमीवर हात जोडून उभे आहेत. वर्गात शिकविणारे बाबासाहेब मात्र कोणत्याही भिंतीवर नाहीत. चरित्रकारांनी त्यांच्या प्राध्यापकीकडे जिन्याची एक पायरी म्हणून पाहिले. पाय ठेवला आणि पुढे गेले. परिषदा, सत्याग्रह, गोलमेज, मंत्रिपद यांच्या गर्दीत कायद्याचा मास्तर हरवला. त्याला शोधावे असे मला वाटू लागले ते एका म्हातारीमुळे.

मी वेंगुर्ल्याचा. एका अंगाने रेडी ओलांडले की तेरेखोल, दुसऱ्या अंगाने आरोंदा, सातार्डा, बांदा. कोठूनही गेले तरी पुढे गोवा. १९४९ पासून १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत ही हद्द दोन देशांची होती. अलीकडे दारूबंदी, पलीकडे पोर्तुगीज अमलातली मोकळी दारू. गोवा मुक्त झाला, हद्द दोन राज्यांची झाली, पण दारूच्या किमतीतला फरक राहिला आणि त्या फरकावर जगणारा धंदाही राहिला. ‘गोवा बनावटीच्या दारूची अवैध वाहतूक’ ही ओळ आमच्याकडच्या वर्तमानपत्रात पावसाच्या नोंदीइतकी नेमाने येते. खाली नावे असतात ती गाडी चालविणाऱ्याची आणि सोबत बसलेल्या पोराची. माल कोणासाठी चालला होता, हे त्या बातमीत क्वचितच असते.

आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचा मुलगा असाच पकडला गेला. ती मला म्हणाली, “मास्तरानू, दारू गोंयची, पैसो शेटचो, गाडी आणखी कोणाची, आणि केस मात्र माझ्या झिलार. ह्यो खयचो कायदो?” मी शिकलेला माणूस, मी तिला कलम ६५ समजावून सांगू लागलो. तिचा प्रश्न कलमाचा नव्हताच. कायद्याचा पैसा कोणाकडून येतो आणि कायद्याची शिक्षा कोणाकडे जाते, असे ती विचारीत होती. नंतर ध्यानात आले की नेमका हाच प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात १९२७ साली एका बॅरिस्टराने विचारला होता, आणि तो बॅरिस्टर त्याच सुमारास पोटासाठी कायदा शिकवीत होता.

पाश्चात्त्य विद्यापीठांत आज ‘अमली पदार्थांचे धोरण आणि फौजदारी कायदा’ हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. त्यावर प्राध्यापक आपली सारी हयात घालवितात. आपल्याकडे या विषयाचा पहिला गंभीर अभ्यासक कोण, असे मला कोणी विचारले तर मी बाबासाहेबांचे नाव घेईन. त्यांनी दारूवर किंवा गांजावर ग्रंथ लिहिला नाही, हे मला ठाऊक आहे. पण गुन्हा कशाला म्हणावे, नशेच्या करातून राज्य कसे चालते आणि माणसाच्या सवयीवर पोलिस बसवावा की नाही, हे तीन प्रश्न त्यांनी एकमेकांना जोडून हाताळले. या जोडणीकडे आपल्या समीक्षेने पाहिलेले नाही.

प्राध्यापकीचा तपशील थोडक्यात असा. १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र. १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर. १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन, कारण वकिलीत अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार येत नव्हते. १९२८ च्या जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक. आणि १९३५ च्या जूनपासून १९३८ पर्यंत त्याच कॉलेजचे प्राचार्य व न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक. ज्या वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, त्याच वर्षी हा माणूस प्राचार्याच्या खुर्चीत बसून लॉच्या पोरांच्या हजेरीवर सह्या करीत होता. चरित्रात ह्या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत पडतात, पण माणूस एकच होता.

या अध्यापनाचा लेखी अवशेष शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आहे. वसंत मून यांनी तो १९९३ साली संपादित केला. इंग्लंडच्या राज्यघटनेवरील व्याख्याने आणि त्यामागोमाग निरनिराळ्या कायद्यांवरील टिपणे: मुदतीचा कायदा, विश्वस्त कायदा, मालमत्ता हस्तांतरण, विशिष्ट पूर्तीचा कायदा, फौजदारी प्रक्रिया, पुरावा. ज्याला बाबासाहेबांत केवळ आग हवी आहे त्याला ही पाने कंटाळवाणी वाटतील. टिपणे तुटक आहेत, कोठे निव्वळ मुद्दे आहेत. त्यांत अस्पृश्यता नाही, मनू नाही, संताप नाही. आपल्या मंडळींनी हा खंड ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या आत्मकथनासाठी उघडला आणि ते वाचून मिटला. मला यात आपल्या वाचनाचाच दोष दिसतो. ज्या समाजाला शतकानुशतके आरोपी म्हणूनच कचेरीत उभे केले गेले, त्या समाजातला माणूस साक्षीपुराव्याचे नियम शांतपणे, ओळीने, वर्गाला सांगतो आहे. ही शांतताही एक विधान आहे. आरडाओरडा केल्याशिवाय विद्रोह होत नाही, हा समज आपण किती दिवस बाळगणार?

जानेवारी १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणात सुधारणा सुचविणारा लेख लिहिला. नुसती कलमे पाठ केलेला वकील अर्धवट असतो, त्याला कायद्याच्या आजूबाजूच्या शास्त्रांचीही तयारी पाहिजे, असा त्याचा रोख आहे. बाबासाहेबांच्या बाबतीत ही आजूबाजूची शास्त्रे कोणती होती हे सांगायला नको. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला होता. प्रांताच्या तिजोरीत पैसा कोणत्या नळाने येतो आणि कोणत्या भोकाने जातो, हे त्यांना आकड्यांनिशी माहीत होते. त्या नळांपैकी एक मोठा नळ अबकारीचा होता.

अबकारी म्हणजे काय हे आमच्या किनाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडाच्या झाडावर कर बसला, माडी काढायला परवाना लागू लागला, घरची भाटी गुन्हा ठरली. माड तोच, पोय तीच, भंडाऱ्याच्या कमरेचा कोयताही तोच. एका कायद्याने परंपरेचा धंदा सरकारी मक्त्याचा झाला आणि मक्त्याबाहेर जो उरला तो गुन्हेगार झाला. सरकारचा हेतू लोकांनी पिऊ नये असा नव्हता. प्यायची तर कर भरलेली प्यावी, एवढाच होता. पुढे १९१९ च्या सुधारणांनी अबकारी हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे ‘सोपीव’ म्हणून आले, आणि शिक्षण हेही सोपीव खाते. म्हणजे शाळा चालवायची तर पैसा गुत्त्यातून आणायचा, असा तो पेच.

या पेचावर १२ मार्च १९२७ रोजी, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना, बाबासाहेबांनी बोट ठेवले. सरकार माणशी शिक्षणावर अवघे १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक घेते. निदान जेवढे दारूवाटे घेता तेवढे तरी शिक्षणावाटे परत करा, अशी ती मागणी होती. आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळ भरली. तळ्याचे आपल्याला पाठ आहे. आठ दिवस आधीचा हिशेब विस्मृतीत गेला.

त्या हिशेबाची रीत बघा. त्यात दारू वाईट की चांगली याचा निवाडा नाही. पिणाऱ्याला उपदेश नाही आणि त्याची कीवही नाही. पिणारा बहुतांशी गरीब आहे, त्याच्या खिशातून राज्य पैसा काढते आणि त्याच्या मुलाला शाळा देत नाही, एवढेच. प्रस्थापित सुधारक दारूकडे पाहात तेव्हा त्यांना गरिबाचा दुर्गुण दिसे. या प्राध्यापकाला त्याच ठिकाणी सरकारची जमाखर्चाची वही दिसली. पुढे त्यांच्या सर्व भूमिकेची किल्ली मला या एका भाषणात सापडते.

दुसरा प्रश्न, गुन्हा कशाला म्हणावे? येथे त्यांची वकिली उपयोगी पडते. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांच्या बाजूने काम केले. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. दोन्ही खटल्यांत कोणाला प्रत्यक्ष इजा झालेली नव्हती. बहुमान्य समजुतींना धक्का बसला होता, आणि म्हणून फौजदारी यंत्र फिरविले गेले होते. प्रतिष्ठितांची नापसंती म्हणजे गुन्हा नव्हे, हे कर्व्यांच्या खटल्यात कोर्टाला पटले नाही. प्राध्यापकाने मात्र ते तत्त्व सोडले नाही.

ते सर्वांत स्वच्छ दिसते सप्टेंबर १९३८ मध्ये, औद्योगिक कलहाच्या विधेयकावर. काँग्रेस मंत्रिमंडळाने बेकायदा ठरणाऱ्या संपाला तुरुंगाची शिक्षा ठेवली होती. बाबासाहेबांचे त्या दिवशीचे भाषण हे सभागृहात दिलेले लॉ कॉलेजचे लेक्चर आहे. नोकरीचा करार मोडणे हा दिवाणी अपराध आहे, फार तर नुकसानभरपाई मागता येईल. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला कायदा भाग पाडीत नाही. तसे भाग पाडण्यासाठी तुरुंग वापरलात तर त्याचे नाव गुलामगिरी. विशिष्ट पूर्तीच्या कायद्यावरचे ते रुक्ष टिपण आठवा. वर्गातला मुद्दा येथे गिरणी कामगाराच्या बाजूने उभा राहिला आहे. ७ नोव्हेंबरला संप झाला तो याच विधेयकाविरुद्ध.

त्याच मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. त्यासाठी अबकारीच्या उत्पन्नावर पाणी सोडायचे, बंदोबस्तावर खर्च वाढवायचा, आणि तूट भरायला शहरातील घरांवर नवा कर बसवायचा, असा बेत होता. अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी विचारले ते असे, की प्रांतापुढच्या निकडीच्या प्रश्नांत याचा क्रम कितवा? शिक्षण, आरोग्य, घरे यांना पैसा नाही आणि यालाच कोठून आला? वरवर पाहता १९२७ ची भूमिका फिरली असे वाटेल. तेव्हा दारूच्या पैशावर टीका, आता दारूबंदीवर टीका. तसे नाही. हिशेब तोच आहे. पूर्वी गरिबाच्या दारूतून आलेला पैसा शाळेकडे वळत नव्हता. आता शाळेकडे वळू शकणारा पैसा पोलिसाकडे वळणार होता. गांधीवादी नेत्यांनी याला नीतीचा विरोध मानले. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही त्या माणसावर हा आरोप होता.

इथपर्यंत मार्ग सरळ आहे. आता अवघड भाग.

२३ आणि २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुद्याचे ३८ वे कलम होते, आजचे ४७ वे. महावीर त्यागींनी दुरुस्ती आणली: आरोग्याला अपायकारक मादक पेये आणि अमली द्रव्ये यांवर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा. शिब्बनलाल सक्सेनांनी त्यात औषधी उपयोगाचा अपवाद घातला. विरोध करणारे थोडे होते. त्यांतले एक कोल्हापूरचे प्रतिनिधी बी. एच. खर्डेकर. आमच्या वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. आमची पोरे रोज त्या कमानीखालून जातात. ह्या गृहस्थाने दारूबंदीविरुद्ध दिल्लीत भाषण केले होते, हे सांगितले तर त्यांना थट्टा वाटेल. दुसरे जयपालसिंग मुंडा. तांदळाची बीर ही आदिवासीच्या पूजेचा आणि शेतीच्या श्रमाचा भाग आहे, त्याच्या जगण्यावर हे कलम घाव घालील, असे त्यांनी सांगितले.

बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली. जयपालसिंगांना त्यांनी उत्तर दिले ते वकिली उत्तर होते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते केव्हा अमलात आणायचे हे राज्याने ठरवायचे; आणि अनुसूचित क्षेत्रांना असे कायदे आपोआप लागू होणार नाहीत, तेथील मंडळांचा सल्ला आड येईल. उत्तर कायद्याने बिनचूक आहे. पण मला ते वाचताना चुटपुट लागते. आदिवासीला एक ढाल दाखविली. झोपडपट्टीतल्या, गावकुसाबाहेरच्या, हद्दीवरच्या माणसाला कोणती ढाल? १९२७ चा हिशेब त्या छोट्या उत्तरात नाही. १९३८ चा गुन्ह्याचा विचार नाही. बहुमत समोर उभे होते, पुढे याहून मोठ्या लढाया होत्या, मसुद्याचा गाडा पुढे न्यायचा होता, हे सर्व खरे. तरीही म्हणावे लागते, की त्या दिवशी मसुदा समितीचा अध्यक्ष बोलला आणि प्राध्यापक गप्प बसला. बाबासाहेबांविषयी असे लिहिले की आपल्यातले काहीजण दुखावतात. ज्याने आपल्याला पुरावा मागायला शिकविले त्याच्या भाषणांकडून आपण पुरावा मागू नये, हा कसला आदर?

त्या गप्प बसण्याची किंमत कोणी मोजली ते पुढे दिसले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध बलसारा खटला झाला; १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरता कायदा कापला आणि बाकीचा बहुतेक उभा ठेवला. लष्कराच्या मेसला मिळालेली सवलत टिकली. पैसेवाल्याला प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळे. ‘परमिट रूम’ हा आपल्या शहरांच्या पाट्यांवरचा शब्द त्याच कायद्याचे अपत्य. परमिट नसलेल्याच्या वाट्याला हातभट्टी आली, आणि हातभट्टीबरोबर हप्ता.

अमली द्रव्यांचे तर याहून विचित्र. इंग्रज सरकारने १८९३ साली भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षी घेऊन त्याने दुसऱ्या वर्षी निष्कर्ष काढला, की बेताच्या सेवनाने म्हणावा तसा अपाय होत नाही आणि संपूर्ण बंदी करू नये. यात साम्राज्याच्या महसुलाची काळजी होती हे उघड आहे. पण साक्षी घेतल्या, सात खंड छापले, मग मत दिले. १९८५ साली आपल्या स्वतंत्र देशाने आंतरराष्ट्रीय कराराच्या मुदतीखातर अंमली औषधिद्रव्ये कायदा केला तेव्हा असा खटाटोप कोणी केला नाही. १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्यात गांजाचे बोंड गुन्हा आहे, चरस गुन्हा आहे; पान गुन्हा नाही. कारण पानाची भांग होते, ती होळीला आणि महाशिवरात्रीला लागते, आणि उत्तरेत तिची परवान्याची दुकाने आहेत. एकाच झाडाचे शरीर कायद्याने असे वर्णाप्रमाणे वाटून घेतले. विषमतेला झाडेही सुटत नाहीत.

या कायद्यात आरोपीचे मन दोषी होते असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे, आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे आहे. व्यापारी प्रमाणाच्या मालात, म्हणजे गांजा २० किलोंच्या वर, तो निर्दोष असावा असे न्यायाधीशाला आधीच वाटल्याखेरीज जामीन नाही. १९८९ च्या दुरुस्तीने दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला काही गुन्ह्यांत फाशी सक्तीची केली. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली काढली. पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, हे पुरावा कायद्याचे २५ वे कलम. आता नव्या अधिनियमात ते २३ वे आहे. पुराव्याचा कायदा शिकविणारा कोणताही मास्तर ते पहिल्याच महिन्यात सांगतो. परंतु या खात्यांचे अधिकारी ‘पोलिस’ नव्हेत अशी पळवाट काढून त्यांच्यापुढचे जबाब वापरले गेले आणि त्या जबाबांवर माणसे तुरुंगात गेली. तूफानसिंग खटल्यात २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. मध्ये ३५ वर्षे गेली.

तुरुंगात कोण आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातील कैद्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. अनुसूचित जातींचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास, लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त. आणि तुरुंगातही झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा हे जातीवरून ठरविणारे नियम पुस्तकांत होते; ते सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द झाले. ही याचिका एका पत्रकार स्त्रीने केली. आपल्या विचारपीठांवर हा विषय तिच्याआधी कितीदा आला होता?

आता आपल्या साहित्याकडे वळतो, कारण दोष केवळ कायदेमंडळाचा नाही. दलित आत्मकथनांत दारू ठिकठिकाणी आहे. ‘बलुतं’मधला गोदीत राबणारा बाप पितो. बाबूराव बागुलांच्या, नामदेव ढसाळांच्या मुंबईत नशा आहे, धंदा आहे, पोलिसही आहे. पण बहुतेक ठिकाणी दारू येते ती बापाचा ऱ्हास आणि आईचे अश्रू म्हणून. तिच्यावरचा कर आणि तिच्यावरचे कलम यांना लेखकाच्या नजरेत जागा नसते. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ मला वेगळे वाटते. तेथे कायदा हेच एक पात्र आहे. गुन्हा घडण्याआधी गुन्हेगार ठरलेली जमात तेथे बोलते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा कागदावर गेला, सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले, आणि पोलिसाची वाट जुन्याच वस्तीकडे राहिली. योगायोग असा, की ज्या स्टार्ट समितीवर बाबासाहेबांनी १९२८ ते १९३० काम केले, तिचा अध्यक्ष स्टार्ट हा त्याच गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा अधिकारी होता. त्या समितीने अस्पृश्यांना पोलिसात घ्यावे अशी शिफारस केली. धाड पडणाऱ्या वस्तीतला माणूस धाड घालणाऱ्या खात्यातही असावा, हा विचार साधा वाटतो. त्या काळी तो नव्हता.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आमच्या आया-बहिणींनी दारूपायी मार खाल्ला, घरे धुळीला मिळाली, आणि तू कायद्याची चूक काढतोस? गावोगाव मतदानाने बाटली आडवी केली ती बायांनीच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपूरची २०१५ मध्ये आली ती बायांच्या पायपिटीने, आणि २०२१ मध्ये सरकारने उठविली. या बायांचा लढा मी कमी लेखीत नाही. त्यांनी गुत्ता बंद करायला सांगितले होते. गुत्त्यावर बाटल्या उचलणाऱ्या पोराला आत टाका असे त्यांच्यापैकी कितीजणी म्हणाल्या? मागणी दुकानाविरुद्ध असते, अंमलबजावणी माणसाविरुद्ध होते. या दोहोंतले अंतर मोजणे हे समीक्षकाचे काम आहे.

आणि १४ ऑक्टोबर १९५६? बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. लाखो माणसांनी ती घेतली, आपल्या आजोबा-पणजोबांनी घेतली, पुष्कळांनी पाळली. हीच प्रतिज्ञा पुढे करून काहीजण म्हणतात, की बाबासाहेब अखेरीस दारूबंदीवादीच झाले. मला हे वाचन चुकीचे वाटते. शील माणूस स्वतः घेतो, सर्वांसमक्ष, स्वतःच्या तोंडाने. ते मोडले तर त्याला जबाब द्यावा लागतो तो स्वतःला आणि संघाला. कलम दुसरा लावतो. ज्या माणसाला कलमाची शक्ती पूर्ण ठाऊक होती, ज्याने ती शिकविली होती, त्याने आपल्या लोकांना दारूपासून सोडविण्यासाठी शील निवडले. १९४८ साली जो प्राध्यापक गप्प बसला असे मी वर लिहिले, तो मला नागपुरात पुन्हा बोलताना ऐकू येतो. कदाचित हे माझे ओढूनताणून केलेले वाचन असेल. ज्याला तसे वाटते त्याने दुसरे वाचन मांडावे. पण दोन्ही भाषणे आणि प्रतिज्ञा समोर ठेवून मांडावे.

मुलांना फौजदारी प्रक्रियेचे ते टिपण दाखवायला मी बारावा खंड घेऊन गेलो होतो. १८९८ ची संहिता गेली, १९७३ ची गेली, १ जुलै २०२४ पासून नवी आली. टिपणातले आकडे आज निरुपयोगी आहेत. एका मुलाने विचारले, “सर, मग हे वाचायचं कशाला?” मी त्याला १९२७ चे भाषण आधी वाचायला दिले. त्याने वहीत दोन रकाने आखले, आणि आपल्या जिल्ह्यातून दारूचा महसूल किती जातो व शाळांना किती येतो याची माहिती मागविणारा अर्ज लिहायला घेतला. अर्ज अजून पुरा झालेला नाही; कोणत्या कार्यालयाकडे करायचा यावर त्यांचा वाद चालला आहे.

म्हातारीच्या मुलाचा खटला चालू आहे. गाडीचा मालक मागच्या तारखेला आला नव्हता. पुढची तारीख शिमग्यानंतरची पडली आहे, आणि मी सोबत यावे असे तिने सांगून ठेवले आहे.